शेनच्या नावानं बाटली फोडायची का?

ताई, नमस्कार.

पूर्व भागात आमचे चार माग आहेत, टॉवेल काढतो. मी छत्तीस वर्षांचा आहे, तुमच्या मुलाच्या वयाचा. मला अहो-जाहो करू नका, आणि नाव छापू नका.

३० नोव्हेंबर २०२३ ला संध्याकाळी फोनवर बातमी आली, द पोग्ज बँडचा गायक शेन मॅकगोवन गेला. मी शेडमध्येच होतो. एक माग बंद केला, मग दुसरा, मग चारही. कामगार विचारायला लागला, मालक, करंट गेला का? रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, तो तुमचा कोण लागत होता? आई म्हणाली, "घरातला माणूस दारूनं गेला तेव्हा तुझ्या डोळ्याला पाणी आलं नाही. आता कुठल्या परमुलखातल्या दारुड्यासाठी ताट सारतोस?" आई हे तेलुगूत बोलली, मराठीत लिहिल्यावर त्याची धार निम्मी झाली. वडील २००९ साली लिव्हरनं गेले. मी खरंच रडलो नव्हतो.

आम्ही चार मित्र आहोत. डिप्लोमाला असताना एकाच्या चुलतभावानं पुण्याहून एमपी थ्री सीडी आणली होती, तिच्यात द पोग्जची गाणी होती. तेव्हापासून सतरा वर्षं आमची दिवाळी, परीक्षा, लग्नं, भांडणं सगळं त्याच आवाजात झालं. २५ डिसेंबरला शेनचा वाढदिवस असतो. त्या रात्री शेडमध्ये जमायचं ठरलंय. एक मित्र म्हणतो, शेनच्या नावानं व्हिस्कीची बाटली फोडायची आणि एक ग्लास त्याच्यासाठी भरून ठेवायचा, नाहीतर ती श्रद्धांजलीच नाही. आई म्हणते, उंबऱ्याच्या आत बाटली आली तर मी बाहेर जाईन. हाच मित्र दोन वर्षं रोज पितोय. सकाळी चहाचा कप धरताना त्याचा हात कापतो, तो दोन्ही हातांनी धरतो. बाकीचे दोघे म्हणतात, एका रात्रीनं काय बिघडतंय.

मी काय करू? आणि आई म्हणते तसा मी वाईट मुलगा आहे का?

— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

हा अंक तुझ्या हातात पडेल तेव्हा २५ तारीख चार-सहा दिवसांवर आलेली असेल, म्हणून पहिलं उत्तर आधी देते. बाटली आणू नका. जमा मात्र नक्की, आणि आईला शेडमध्ये खुर्ची टाकून बसवा. कारणं पुढे सांगते.

आता दुसरा प्रश्न. तू वाईट मुलगा नाहीस. माझ्या मामाचं सांगते.

मामा एका लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. दिवसा गिरणीत पाळी, लग्नसराईत रात्री वरात. मी एकोणीस वर्षांची असताना तो गेला, चव्वेचाळीसाव्या वर्षी. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे पिवळे. मीसुद्धा रडले नाही. मामीही रडली नाही, फक्त औषधांच्या चिठ्ठ्या एकाखाली एक लावत बसली. घरात कुणी वर्षानुवर्षं पीत असेल तर त्या घरातलं रडणं मरणाच्या आधीच होऊन जातं. पगाराच्या दिवशी फाटकापाशी उभं राहून होतं, रात्री बारा वाजता कडीचा आवाज ऐकून होतं. माणूस जातो तेव्हा डोळ्यांत काही उरत नाही, आणि जे उरतं तो राग असतो. मग दोन वर्षांनी नव्या पेठेतून जात असताना एक वरात आली, आणि कुणी अनोळखी माणूस क्लॅरिनेटवर मामाचाच एक तुकडा वाजवत होता. मी एका कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि रडले. दुकानदारानं पाणी आणून दिलं. तो बिचारा विचारत होता, कोण गेलं हो? मी म्हटलं, मामा. कधी? दोन वर्षं झाली.

तू चार माग बंद केलेस ते एकट्या शेनसाठी होते की नाही, हे तुझं तुलाच ठाऊक. पण आईला एवढं सांगून बघ, की त्या रात्री तुला बाबा आठवले. आठवले असतील तरच सांग. आईला खोटं कळतं.

ज्यांना हे नाव नवीन आहे त्या वाचकांसाठी थोडं थांबते, कारण या पंधरवड्यात शेनवर आलेलं हे एकच पत्र नाही.

शेन मॅकगोवनचा जन्म १९५७ सालच्या नाताळच्या दिवशी इंग्लंडमधल्या केंट परगण्यात झाला. आईवडील आयरिश. लहानपणीचा बराच काळ आयर्लंडमधल्या टिपरेरी परगण्यात आईच्या माहेरच्या शेतघरात गेला. तिथं रात्री चुलीपाशी गाणं, नाच आणि जपमाळ, तिन्ही चालायचं. पाच-सहा वर्षांच्या पोराला घरचेच स्टाउट, म्हणजे काळी बिअर, प्यायला देत, हे त्यानंच सांगितलं आहे. मग लंडन. नामांकित शाळेत शिष्यवृत्तीवर गेला आणि अमली पदार्थांपायी तिथून काढला गेला. अठराव्या वर्षाच्या आतबाहेर तो मनोरुग्णालयात राहून आला. बाहेर पडला तेव्हा लंडनमध्ये पंक नावाचं संगीत सुरू झालं होतं. तीन सूर येत असले तरी गिटार घेऊन उभं राहायचं आणि ओरडून खरं बोलायचं, असा तो काळ.

१९८२ साली लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात त्यानं आणि मित्रांनी बँड काढला, तोच द पोग्ज. त्यांनी पंकची गती आणि राग घेतला, पण वाद्यं आजोबांची घेतली. अकॉर्डियन, बँजो, आणि टिन व्हिसल म्हणजे पत्र्याची सहा भोकांची उभी बासरी. आपल्याकडे कुणी गोंधळ्याचं संबळ आणि तुणतुणं घेऊन हलगीच्या कडकडाटात, मिरवणुकीच्या वेगानं आणि गिरणीतल्या शिव्यांसकट गाणं म्हटलं, तर जे होईल त्याच्या जवळपासचं ते होतं. लोक त्याला फोक-पंक म्हणतात.

माझ्यापर्यंत तो १९८९ साली पोचला. धाकटा भाऊ बोटीवर नोकरीला होता, सुट्टीवर येताना कॅसेट घेऊन आला, 'इफ आय शुड फॉल फ्रॉम ग्रेस विथ गॉड'. मी तेव्हा रात्रशाळेत इंग्रजी शिकवायचे, आणि मला पहिल्यांदा ते अजिबात आवडलं नाही. दात नसलेल्या तोंडातून शब्द निसटत होते. कॅसेटच्या आतल्या कागदावर बारीक अक्षरात गाणी छापली होती. ती डिक्शनरी घेऊन वाचली तेव्हा मी सावरून बसले. इतकी नेमकी, इतकी कमी शब्दांची कविता या असल्या आवाजात दडलेली असेल असं मला वाटलं नव्हतं.

तुझ्या पत्रात एक गोष्ट तू लिहिलेली नाहीस, पण आई तेलुगूत बोलली या एका वाक्यातून मला ती दिसली. तुमची माणसं तेलंगणातून मागाच्या मागे इथं आली. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी. माझ्या रात्रशाळेत पूर्व भागातली निम्मी मुलं असायची. ती सांगायची, गावाकडच्या लग्नाला गेलो की तिथले नातेवाईक आमच्या तेलुगूला हसतात, आणि इथं शाळेत मराठीला हसत होते. शेनचंही तेच होतं. इंग्लंडमध्ये तो आयरिश होता, म्हणजे बाँबस्फोटांच्या त्या वर्षांत संशयित. आयर्लंडमध्ये त्याच्या इंग्रजी उच्चारामुळे तो लंडनवाला होता. आपलं गाव कुठलं, या प्रश्नाला ज्याच्याकडे सरळ उत्तर नाही, त्यानं लंडनच्या खोलीत बसून टिपरेरीची गाणी लिहिली. एकाच सीडीवर शंभर गाणी असताना तुम्हा चौघांना नेमकं हेच लागलं, याचं मला नवल वाटत नाही.

'अ पेअर ऑफ ब्राउन आइज' तुम्ही शंभर वेळा ऐकलं असणार. पुन्हा एकदा ऐका, पण या वेळी कोण कुणाचं ऐकतंय ते बघा. प्रेमभंग झालेला एक तरुण दारूच्या गुत्त्यात बसलाय. शेजारचा म्हातारा त्याला लढाईतलं सांगतो, तुटलेले हातपाय, मरणारी माणसं, आणि घरी वाट बघणारे तपकिरी डोळे. पोराला तो म्हातारा नकोसा होतो, त्याचा राग येतो, तो उठून बाहेर पडतो. आणि बाहेर आल्यावर त्याच्या तोंडात म्हाताऱ्याचंच गाणं असतं. शेनची ताकद मला इथं दिसते. गुत्त्यात बडबडणाऱ्या माणसाचं कुणी ऐकत नाही, यानं ऐकलं. 'द ओल्ड मेन ड्रॅग'मध्ये सोळा वर्षांचा पोरगा लंडनला येतो आणि रस्त्यावर शरीर विकून जगतो, पोलिसांचा मार खातो. त्या गाण्यात दया दाखवणारा एक शब्द नाही. तो पोरगा स्वतःच बोलतो आणि गाणं संपतं.

आणि एक गाणं सोलापूरकरांनी मुद्दाम ऐकावं, 'बर्मिंगहॅम सिक्स'. १९७४ साली बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बाँबस्फोट झाले. सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली. त्यांनी ते केलेलं नव्हतं. पोग्जनी १९८८ साली त्यांच्यावर गाणं काढलं आणि ब्रिटनमध्ये ते प्रसारित करायला बंदी आली. १९९१ साली न्यायालयानं त्या सहाही जणांची शिक्षा रद्द केली. तोवर सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. आपल्या गावानं १९३० सालचा मार्शल लॉ पाहिला आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं, आणि त्या चार नावांचा चौक ओलांडूनच आपण रोज कामाला जातो. गोऱ्या सरकारच्या न्यायासनावर विश्वास ठेवायचा की नाही, हे सोलापूरला कुणी समजावून सांगायला नको.

आता बाटलीकडे येते.

तुझा मित्र म्हणतो, दारूशिवाय शेनला श्रद्धांजली नाही. हे तो एकटाच म्हणत नाही. जगभर या महिन्यात लाखोंनी ग्लास वर केले असतील. पण माझा याला मनापासून विरोध आहे, आणि त्यासाठी मी फक्त सालं मांडते. 'रेड रोझेस फॉर मी' १९८४. दुसरा अल्बम १९८५. ज्याच्यामुळे त्याचं नाव राहणार तो तिसरा १९८८. चार वर्षांत तीन. 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क' हे एक गाणं त्यानं आणि बँडमधल्याच जेम फायनरनं दोन वर्षं घासलं. शब्द बदलले, चाल बदलली, गाणारी बाईसुद्धा बदलली, शेवटी कर्स्टी मॅकॉलचा आवाज मिळाला तेव्हा १९८७ च्या नोव्हेंबरात ते बाहेर आलं. नाताळच्या आदल्या रात्री पोलीस कोठडीत पडलेला एक दारुडा, त्याची बायको, दोघांच्या शिव्या आणि दोघांचं उरलेलं प्रेम. ज्याला हे चार मिनिटांत बसवता येतं तो शुद्धीत बसून काम करणारा माणूस असतो. तेराव्या वर्षी त्यानं एका मोठ्या इंग्रजी वर्तमानपत्राच्या लेखनस्पर्धेत बक्षीस मिळवलं होतं. वाचन अफाट होतं. दारू वाढत गेली तशी पुढच्या अल्बमवर त्याची गाणी कमी झाली. १९९१ साली जपानच्या दौऱ्यात बँडनं त्याला काढून टाकलं. एवढा वेळ का लावलात, असं तो त्यांना म्हणाला असं सांगतात. नवा बँड घेऊन दोन अल्बम आले, शेवटचा १९९७ चा. त्यानंतर तो २६ वर्षं जगला, जुनी गाणी गायला, पण नव्या गाण्यांचा पूर्ण अल्बम पुन्हा आला नाही.

त्या २६ वर्षांचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. गाणी लिहिली ती त्यानं. दारूनं ती थांबवली.

मामाबद्दलही लोक असंच म्हणायचे, दोन घोट पोटात गेले की काय वाजवतो! मी त्याच्या घरी राहायचे म्हणून मला दुसरं ठाऊक होतं. पहाटे पाच वाजता तो क्लॅरिनेट गमछ्यात गुंडाळून कंबर तलावाच्या काठी जायचा, घरात पोरं झोपलेली असायची म्हणून. थंडीत बोटं फुटायची, तरी तासभर नुसते लांब सूर. ते कुणी बघितलं नाही. लोकांनी वरातीतला ग्लास बघितला आणि तो ग्लासच वाजवतो असं ठरवलं. शेवटच्या दोन सराईत त्याच्या फुंकेला दम राहिला नाही, तेव्हा त्याच लोकांनी दुसरा बँड ठरवला.

याच सोलापुरात राम जोशी जन्मला. पुराणिकाच्या घरातला मुलगा, ओढ तमाशाच्या फडाची. थोरल्या भावानं घराबाहेर काढला. छंदीफंदी जगला, कमावलं ते उधळलं, पेशवाईच्या अखेरीस पुण्यात नाव काढलं. त्याच्या रंगेलपणाच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत. पण मधल्या काळात तो पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकला, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. त्याच्या लावणीत यमकावर यमक जे एखाद्या जेकार्डच्या नक्षीसारखं बसतं, ते त्या पाठांतराच्या बैठकीतून आलं. तू मागवाला आहेस. नक्षी नशेत निघत नाही, हे तुला मी काय सांगू.

म्हणून २५ तारखेला शेनसाठी काही ठेवायचंच असेल तर ग्लासाऐवजी त्याची छापलेली गाणी ठेवा. एकेकानं एकेक गाणं मराठीत किंवा तेलुगूत सांगायचं. चाल लागली नाही तरी चालेल, गोष्ट सांगायची. मग ते गाणं लावायचं. आईला 'फेअरीटेल' नक्की सांग, तेलुगूत, शिव्यांसकट. त्यातल्या बाईचं म्हणणं तिला तुम्हा चौघांपेक्षा जास्त कळेल. ती उठून गेली तर जाऊ दे, अडवू नको. बसली, तर नंतर तिला एखादं तिच्या माहेरचं गाणं म्हणायला सांग. मागावर, कांड्या भरताना, विड्या वळताना बायका जे म्हणायच्या ते. तुझ्या शेडमध्ये त्या रात्री सर्वांत जुनी लोकगायिका तीच असेल. शेंगाचटणी आणि कडक भाकरी ठेवा, चहाची किटली भरून ठेवा. आणि पहिली पंधरा मिनिटं चारही माग चालू ठेवूनच गाणी लावा. धोट्याच्या ठेक्यावर पोग्ज कसे वाजतात ते मला कळव.

आयर्लंडमधल्या नीना नावाच्या गावात ८ डिसेंबरला शेनला निरोप दिला. आधी डब्लिनच्या रस्त्यांवरून घोड्यांच्या गाडीतून त्याला नेलं, दुतर्फा माणसं उभी राहून गात होती. मग नीनाच्या चर्चमध्ये, शवपेटीसमोर, 'फेअरीटेल' गायलं गेलं आणि घरची माणसं उठून नाचली. मी ते फोनवर पाहिलं. आपल्याकडेही मयताच्या रात्री भजनी मंडळ येतं, टाळ वाजतात, शेजारीपाजारी पहाटेपर्यंत बसतात. त्यामुळे तुझ्या आईला गाण्याचं वावडं नसणार. तिला भीती आहे ती बाटलीची, आणि ती भीती तिनं रोख पैसे मोजून विकत घेतलेली आहे.

आता तुझा मित्र. पत्रातली ही ओळ मला सर्वांत जड गेली, कप दोन्ही हातांनी धरतो. ती सवय नव्हे. दारू उतरली की शरीर असं बोलतं. त्याला कुणीही शपथ घालू नका, देवापुढे उभं करू नका, आणि "आजपासून बंद" असं म्हणायला लावू नका. रोज पिणाऱ्यानं अचानक थांबवली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. आमच्या मामाला घरात कोंडून ठेवलं होतं. चांगल्या मनानंच. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरचे किडे वेचत होता, आणि भिंतीवर काहीच नव्हतं. म्हणून आधी डॉक्टर. मानसोपचाराचा डॉक्टर असेल तर उत्तम, ते औषधांच्या आधारानं सुरक्षितपणे उतरवतात. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा फोन आहे, पैसे पडत नाहीत. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात मराठीतून चालतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करत आहे, आणि तिथं घरच्यांशीही बोलतात. तो नाही म्हणाला, तर निदान तू एकटा फोन कर. काय बोलायचं, कधी बोलायचं, हे तेही सांगतात.

बोलायची वेळ सकाळची निवड. कप हातात असतानाची नको, त्यानंतरची. "तू पितोस" असं म्हणू नको. त्याला सांग, मला तुझ्या हाताची काळजी वाटते. आणि २५ तारखेला त्याला बोलवा. बाटली नाही म्हणून तो आला नाही, तर गाणी संपल्यावर किटली आणि भाकरी घेऊन तिघेही त्याच्या घरी जा.

ताई, माझा मुलगा 'द पोग्ज' या बँडचं नाव छापलेला टी-शर्ट घालून क्लासला जातो. कुणीतरी सांगितलं की ते नाव म्हणजे घाणेरडी शिवी आहे. खरं का?

— एक आई, विजापूर रोड

खरं आहे. आधीचं नाव 'पोग महोन'. आयरिश भाषेत त्याचा अर्थ 'माझ्या ढुंगणाचा मुका घे'. ब्रिटनच्या रेडिओवर आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, मग गेलिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडची जुनी भाषा, समजणाऱ्यांनी तक्रार केली आणि १९८४ साली नाव कापून नुसतं 'द पोग्ज' झालं. जे उरलंय त्याचा अर्थ 'मुके' एवढाच. टी-शर्ट घालू द्या.

ताई, मी अकरावीत आहे. मला ती टिन व्हिसल शिकायची आहे. सोलापुरात कुठं मिळेल? आजी म्हणते, गड्ड्यावरची बासरी घे, सगळं सारखंच.

— एक वाचक, बाळे

आजी बरीचशी बरोबर आहे. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर बासरीवाले येतात. त्यांच्याकडे आडवी आणि उभी, दोन्ही असतात. तू उभी घे, जिच्या टोकाला चोच असते आणि फुंकलं की लगेच आवाज येतो. टिन व्हिसलही तशीच वाजते, तिलाही सहाच भोकं. सगळी भोकं बंद केली की सा, मग खालून एकेक बोट उचलत गेलं की रे, ग, म, प, ध, नी, सगळे शुद्ध. पोग्जच्या गाण्यांत बहुतेक वेळा जी व्हिसल असते तिचा सा आपल्या पेटीच्या पांढरी दोनवर येतो. यात्रेतल्या बासऱ्या सुरात असतीलच असं नाही. म्हणून पेटी वाजवणाऱ्या कुणाला तरी बरोबर ने, नाहीतर फोनवर पांढरी दोनचा सूर लावून ठेव आणि दहा-बारा फुंकून बघ. बासरीवाला वैतागणार नाही. संध्याकाळी गर्दी असते, दुपारी जा.